उसाच्या कांडीतलं रसायन

सांगवीच्या शिवारातला ऊस माळेगावच्या कारखान्याकडे निघतो, तेव्हा त्याचा रस आणि चिपाड दोन्हींत ग्लुकोज असतं. रसातली साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी: १२ कार्बन, २२ हायड्रोजन, ११ ऑक्सिजन. चिपाडातलं सेल्युलोज ही नुसत्या ग्लुकोजची लांबलचक साखळी. पण तिचे दुवे असे जुळलेले, की आपल्या पोटातल्या विकरांना ते तुटत नाहीत. वाढं खाणाऱ्या गाईला जमतं, तेही पोटातल्या सूक्ष्मजीवांच्या जिवावर! तोडलेल्या उसात मात्र इन्व्हर्टेज नावाचं प्रथिन साखरेची जोडी फोडत राहतं आणि उतारा घटतो. म्हणून तोडलेला ऊस फडात ठेवू नका. शक्यतो २४ तासांत गाळपाला पाठवा.