तांब्याच्या जुन्या नाण्यांची पारख आणि निगा

जुन्या पेटीत किंवा देवघरात काळवंडलेले तांब्याचे नाणे सापडले की ते घासून लख्ख करावे, असे बहुतेकांस वाटते. चिंच व राख लावून भांडी घासण्याची आपली सवयच तशी आहे. परंतु भांड्याचा उपयोग त्याच्या पोकळीत असतो, तर नाण्याचे महत्त्व त्याच्या पृष्ठभागावरील अक्षरांत असते. आणि चिंचेतील आम्ल नेमका तो पृष्ठभागच खाऊन टाकते.

तांब्यावर प्रथम क्युप्रस ऑक्साइडचा तांबूस थर चढतो. पुढे ओलावा व कार्बन डायॉक्साइड यांच्या योगाने त्यावर हिरवे कार्बोनेट जमते. जमिनीत दीर्घकाळ राहिलेल्या नाण्याचा मूळ पृष्ठभाग या थरांतच रूपांतरित झालेला असतो आणि अक्षरांचे बारकावेही तेथेच टिकून राहतात. थर विरघळला की अक्षरेही जातात.

म्हणून प्रथम नाणे ओळखावे. त्याचे वजन व व्यास मोजावा, भिंगातून लेख वाचावा आणि दोन्ही बाजूंचे रेखाचित्र काढावे. शिवाजी महाराजांच्या काळी सुरू झालेल्या आणि पेशवाईतही निघत राहिलेल्या शिवराईवर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसरीवर ‘छत्रपति’ असा लेख असतो. ओळींमध्ये दोन रेघा असल्यास तिला दुदांडी म्हणतात. ईस्ट इंडिया कंपनीचा १८३५ चा पाव आणा सुमारे ६.५ ग्रॅम वजनाचा, तांब्याचा आहे. १९०६ पासून पाव आणा कांस्याचा झाला व त्याचे वजन ४.९ ग्रॅमच्या जवळ आले. अशा वेळी साधा तराजूही उपयोगी पडतो.

प्रत ठरविताना झीज पाहावी. चकाकी पाहू नये. झीज सर्वांत उंच भागापासून सुरू होते. मात्र शिवराईसारखी नाणी हातोड्याने ठोकून पाडलेली असत व ठसा चकतीहून मोठा असे. त्यामुळे कडेची अक्षरे मुळातच उमटली नसल्यास ती झीज समजू नये. घासलेल्या नाण्यावर भिंगाखाली समांतर बारीक ओरखडे दिसतात. त्याची प्रत खालची धरतात.

सैल माती काढावयाची असल्यास नाणे ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवावे व पाणी दररोज बदलावे. मऊ झालेली माती बांबूच्या काडीने अलगद सोडवावी. तारेचा कुंचला कधीही वापरू नये. नंतर नाणे टिपून पूर्ण वाळवावे आणि आम्लरहित कागदात गुंडाळून ठेवावे. पीव्हीसीच्या मऊ पिशवीतून निघणाऱ्या आम्लामुळे नाण्यावर हिरवा चिकट थर येतो.

पुसूनही पुन्हा पुन्हा उगवणारी फिकट हिरवी भुकटी दिसल्यास तो ‘कांस्यरोग’ होय. नाण्यातील क्लोराइड ओलाव्याने आम्ल निर्माण करते, ते आम्ल आणखी तांबे खाते आणि हे चक्र चालूच राहते. असे नाणे वेगळ्या डबीत सिलिका जेलसह कोरडे ठेवून संग्रहालयातील रसायनज्ञाकडे न्यावे.

जमिनीत दडलेली नाणी सापडल्यास भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ अन्वये जिल्हाधिकाऱ्यांस कळवावे लागते. तोवर ती जशी मिळाली तशीच राहू द्यावीत. आज न घासलेले नाणे उद्याही स्वच्छ करता येईल. घासून गेलेले अक्षर मात्र परत येत नाही.