परतीचा हिशेब उलटा मांडावा

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या उरणमधून कोकणात जाणाऱ्या गाड्या बघाव्यात. आदल्या रात्रीच सामान दारात येऊन पडलेलं असतं. कुणी कुठे बसायचं, चहा कुठे घ्यायचा, पुऱ्यांचा डबा कुणाच्या मांडीवर ठेवायचा, सगळं ठरलेलं असतं. मुलं तर चपला घालूनच झोपतात. जाण्याची अशी तयारी आपण सगळेच करतो. आता मला सांगा, परतीची तयारी किती जण करतात?

परतीचं आपलं ठरलेलं वाक्य एकच असतं. ‘सकाळी लवकर निघू.’ आणि ते कधीच खरं होत नाही. माझी सासुरवाडी रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावात आहे. सहाला निघायचं ठरलं की आठला सासूबाई म्हणतात, घावणे केलेत, दोन खाऊन जा. नऊला खालाच्या घरी निरोप घ्यायला जावं लागतं. दहाला मामू झाडावरून फणस उतरवायला माणूस पाठवतात. फणस गाडीत मावत नाही म्हणून सगळं सामान पुन्हा खाली येतं. तोवर भाताला उकळी आलेली असते. आता जेवूनच निघा! नाही कोण म्हणणार? प्रेमाच्या माणसांच्या उंबऱ्यावरून पाय निघत नाही, हे खरंच आहे. पण या प्रेमाची किंमत शेवटी गाडी चालवणाऱ्याच्या डोळ्यांना मोजावी लागते.

ती किंमत मी एकदा मोजली आहे. २००६ सालचा जून होता. आमच्याकडे जुनी मारुती व्हॅन होती. पुढे मी आणि पत्नी, मागे अम्मी, दोन मुलं आणि आंब्याच्या पेट्या. फजरच्या नमाजाला पहाटे साडेचारला उठलेला मी, निघालो दुपारी चारला. दुसऱ्या दिवशी मुलांची शाळा, माझी नोकरी. थांबायला वेळ नव्हता. चिपळूणला चहा घेतला, महाडला घाईघाईत जेवण उरकलं. पेण मागे टाकलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. घर आलंच, असं मी म्हणालो, हे मला आठवतं. त्यानंतरचं एकदम आठवतं ते अम्मीचं ओरडणं, ‘अरे बाबा, समोर बघ!’ चाकाखाली खडी वाजत होती. समोर, अगदी समोर, एक ट्रेलर उभा होता. त्याला मागचा दिवा नव्हता. ब्रेक लागला, पेट्या पुढे घसरल्या, मुलगी रडायला लागली. ट्रेलर आणि आमच्यामध्ये हातभर जागा उरली होती.

माझे डोळे किती वेळ मिटले होते? फार तर तीन सेकंद. पण ताशी साठच्या वेगानं गाडी दर सेकंदाला सोळा-सतरा मीटर जाते. तीन सेकंदांत पन्नास मीटर! तेवढा रस्ता माझं कुटुंब चालकाशिवाय गेलं होतं.

पुढे काही वर्षांनी मी या झोपेबद्दल वाचलं. ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी १९९७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. सतरा तास सलग जागलेल्या माणसाच्या हाता-डोळ्यांचा ताळमेळ त्यांनी मोजला. रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाचा असतो, इतका तो बिघडलेला निघाला. आपल्या कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. मी आयुष्यात दारूला शिवलेलो नाही. पण त्या रात्री मला जागून एकोणीस तास झाले होते. म्हणजे अम्मी आणि मुलांना घेऊन मी एखाद्या झिंगलेल्या माणसासारखी गाडी चालवत होतो, आणि पोलिसांनी नळीत फुंकायला लावलं असतं तरी काही सापडलं नसतं.

झोपेचं आणखी एक गणित आहे. शरीराचं घड्याळ दिवसातून दोनदा मंदावतं. एकदा रात्री दोन ते सहाच्या दरम्यान आणि थोडं कमी प्रमाणात दुपारी दोन ते चारच्या सुमारास. म्हणून ‘पहाटे तीनला निघू, रस्ता मोकळा मिळेल’ हा हिशेबही फसवा आहे. रस्ता मोकळा असतो, पण डोळे मिटत असतात. खिडकी उघडून वारा घेणं, गाणी मोठ्यानं लावणं, तोंडावर पाणी मारणं, यानं झोप जात नाही, फक्त थोडी लांबते. झोपेवर औषध एकच, झोप.

आता कायद्याकडे बघा. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ मध्ये कायदा झाला. त्यानुसार पगारी चालकाला दिवसाला आठ तासांचं काम आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती ठरवून दिलेली होती. ज्याचा हात रोज चाकावर असतो त्याच्यासाठी हा नियम. आणि आपण, वर्षातून दोनदा लांब गाडी चालवणारे, बारा-बारा तास बसतो. का? तर घरच्या माणसाला नियम कोण लावणार?

म्हणून माझं सांगणं असं की परतीचा हिशेब उलटा मांडावा. किती वाजता निघायचं ते आधी ठरवू नये. किती वाजता घरी पोचायचं ते ठरवावं आणि तिथून मागे मोजत यावं.

आमचंच उदाहरण घेऊ. रत्नागिरी ते उरण तीनशे किलोमीटरच्या आसपास. घाट, बाजारपेठा, रस्त्याची कामं धरून ताशी चाळीसची सरासरी धरावी, त्याहून जास्त धरू नये. म्हणजे साडेसात तास नुसतं चालवणं. दर दोन तासांनी पंधरा मिनिटं, असे तीन थांबे. जेवणाला एक तास. कुठेतरी वाहतूक अडणारच, तिला एक तास. बेरीज झाली सव्वादहा तास. जूनमध्ये सूर्य सव्वासातला मावळतो. उजेड असताना, पाचच्या आत घरी पोचायचं असेल, तर साडेसहा ही शेवटची वेळ. त्यानंतर गाडी सुटणार नसेल, तर त्या दिवशी निघूच नये, किंवा वाटेत महाडला नाहीतर आणखी कुठे मुक्काम करावा. हा नियम पाळायला मन घट्ट करावं लागतं.

सकाळी गाडी वेळेवर सुटायला एक युक्ती आहे. निरोप आदल्या संध्याकाळी घ्यायचे. आम्ही आता शेवटच्या दिवशी मगरीबनंतर सगळ्या घरी जाऊन येतो. फणस आदल्या दिवशी उतरतो. सामान रात्रीच गाडीत चढतं. आणि ज्यानं चालवायचं त्यानं दहाला अंथरूण धरायचं. गप्पांची मैफल कितीही रंगली तरी त्याला उठवून लावायचं काम आमच्या सासूबाईंकडे दिलं आहे. त्या ते मनापासून करतात.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी मात्र कधीच परतू नये. आपल्याकडे शाळा जूनच्या मध्यावर उघडतात आणि मोसमी पाऊस मुंबईत साधारण ११ जूनच्या सुमारास येतो. म्हणजे सगळ्यांची परत यायची घाई आणि पहिला पाऊस नेमके एकाच आठवड्यात. उन्हाळाभर रस्त्यावर साचलेलं तेल आणि धूळ पहिल्या सरीत शेवाळासारखी निसरडी होते. दोन दिवस आधी, मधल्या वारी निघालं तर माणगाव-इंदापूरच्या बाजारपेठेतली रांग लहान मिळते, आणि घरी कपडे धुवायलाही एक दिवस सापडतो.

रस्त्याची चौकशीही निघण्याआधी करावी. आपला मुंबई-गोवा महामार्ग, पूर्वीचा १७ क्रमांकाचा आणि आताचा ६६ क्रमांकाचा, पनवेलपासून सुरू होतो. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या रुंदीकरणाला २०११ मध्ये हात लागला आणि ते वर्षानुवर्षं रेंगाळत राहिलं. कशेडी घाटाला सुमारे दोन किलोमीटरच्या बोगद्याचा पर्याय झाला. २०२३ च्या गणपतीत त्यातून हलकी वाहनं सोडायला सुरुवात झाली. पण परशुराम घाट आहेच. २०२२ च्या जुलैत दरडींच्या भीतीनं तो काही दिवस बंद ठेवावा लागला होता. आणि महाडजवळची सावित्री कोण विसरेल? २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात जुना दगडी पूल गेला. त्यात वाहून गेलेल्या दोन एसटी गाड्या मुंबईकडे निघालेल्या होत्या. एक जयगडहून मुंबईला, दुसरी राजापूरहून बोरिवलीला. गावाकडून कामाच्या गावी परतणारी आपलीच माणसं होती ती. नवा पूल २०१७ च्या जूनमध्ये सुरू झाला. पण मुसळधार पावसाच्या रात्री प्रवास न करणं, हा धडा पूल नवा झाला म्हणून जुना होत नाही.

कुणी म्हणेल, महामार्ग नको, किनाऱ्यानं येऊ. दाभोळ-धोपावे, वेश्वी-बागमांडला, दिघी-आगरदांडा अशा फेरीबोटीतून गाडी खाडी ओलांडते. वाट देखणी आहे, मुलं खूश होतात. पण बोटीचं वेळापत्रक असतं, रांग असते, शेवटची बोट चुकली की मोठा वळसा पडतो. हा रस्ता जाताना घ्यावा, किंवा येताना मध्ये एक मुक्काम ठेवून घ्यावा. आणि एक ध्यानात ठेवा, रेवसला पोचून समोर करंजा दिसलं तरी तिथली लाँच माणसं आणि दुचाकी नेते, मोटार नेत नाही. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असल्यापासून ज्याची चर्चा चालत आली त्या पुलावरून घरी येण्याचं स्वप्न आमच्या दोन पिढ्यांनी बघितलं आहे.

आता ओझं. जाताना गाडी हलकी असते, येताना भरते. पाच डझनांची पेटी म्हणजे साठ आंबे. पाव किलोचा एक धरला तर पंधरा किलो. अशा तीन पेट्या, फणस, तांदूळ, कोकम मिळून जवळजवळ आणखी एक माणूस गाडीत बसतो. चालकाच्या दाराच्या चौकटीवर बहुधा एक चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर भरलेल्या गाडीसाठी चाकांत हवा किती हवी ते लिहिलेलं असतं. ती आपण क्वचितच वाचतो. जड सामान खाली आणि मागच्या बाकाला टेकून ठेवावं. टपावर पेट्या चढवल्या की वळणावर गाडी कलते. उतारावर गाडी न्यूट्रलला टाकून पेट्रोल वाचवू नये. खालच्या गिअरमध्ये उतरावी, म्हणजे ब्रेक तापून निकामी होत नाहीत. पट्टा मागच्या बाकावरच्यांनीही बांधावा. आणि १०३३ हा महामार्ग मदतीचा आणि ११२ हा तातडीचा क्रमांक फक्त चालकाच्या नव्हे, घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असावा.

प्रवासात प्रत्येकाला काम द्यावं. चालकाच्या शेजारी बसणाऱ्यानं झोपायचं नाही, हे पहिलं काम. घाटात उलटी होणाऱ्या मुलाला निघताना कोरडी भाकरी किंवा बिस्किट द्यावं, तेलकट घावण्यांचा आग्रह करू नये. साडेअकरा-बाराला महाड-माणगावच्या पट्ट्यात जेवावं, हलकं. जेवण झाल्यावर चालकानं चहा घ्यावा आणि लगेच वीस मिनिटं डोळे मिटावेत. चहाचा परिणाम सुरू व्हायला जवळपास अर्धा तास लागतो, तोवर झोपही मिळालेली असते. दुपारच्या त्या सुस्त दोन तासांत दुसरा कुणी चालवणारा असेल तर चाक त्याच्या हाती द्यावं.

आणि शेवटचे तीस किलोमीटर! खारपाड्याहून साई-चिरनेरमार्गे या, नाहीतर पळस्प्याहून गव्हाण फाट्यानं या, उरण जवळ आलं की कंटेनरचे ट्रेलर सुरू होतात. शेव्याचं बंदर १९८९ मध्ये सुरू झालं तेव्हापासून ते आमच्या रस्त्याचे शेजारी आहेत. काही रस्त्याच्या कडेला उभे असतात, काहींना मागचा दिवा नसतो. आणि नेमकं इथेच चालकाचं मन घरी पोचलेलं असतं. ‘आलंच’ असं वाटलं की एकदा थांबावं. खाली उतरावं, पाणी प्यावं, पाच मिनिटं चालावं. माझ्यासाठी हा थांबा आता नेमाचा झाला आहे.

अम्मी आता नाही. प्रवासाला निघताना ती दुआ पढायची, आणि त्या रात्रीनंतर दुआ पढून झाली की मला विचारायची, ‘नीट झोपलास ना?’ आधी उंट बांध, मग अल्लाहवर भरवसा ठेव, ही शिकवण तिनं त्या एका प्रश्नात आणली होती. आता गाडी मुलगा चालवतो आणि तो प्रश्न मी विचारतो.

आपण निघाल्यावर गावाकडे एक म्हातारं माणूस फोनजवळ बसून असतं. आमच्या मुलांची नानी ‘पोचलो’ ऐकल्याशिवाय जेवत नाही. तिला वेळेवर जेवता यावं, एवढ्यासाठी तरी परतीचा बेत आखावा.