बंदीच्या दिवसांत बोटांना लावा सवय

मंडळी, १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस ट्रॉलर जेटीला बांधलेले. घरात जाळ्यांची दुरुस्ती, आणि सहावी-सातवीतल्या पोरांच्या हातात मोबाईल. टायपिंग शिकायला हेच दिवस बरे.

एका तांडेलाची सातवीतली मुलगी बाबांचा ऑनलाइन अर्ज भरायला बसली. एका बोटाने अक्षर शोधेपर्यंत वेळ संपली, पान बंद. सगळं पुन्हा पहिल्यापासून! आजोबा म्हणाले, "बाय, मी जाळं सांधताना सुईकडे बघतो काय?"

तिथून ती शिकायला लागली. एफ आणि जे या बटणांवर बारीक उंचवटा असतो, दोन्ही तर्जन्या तिथे. डावी बोटं ए, एस, डी, एफवर. उजवी जे, के, एल आणि अर्धविरामावर. अंगठा स्पेसवर, नजर पडद्यावर. मराठी इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला.

सुरुवातीला वेग उलट कमी होतो. म्हणून सोडू नका. रोज १५ मिनिटं पुरे. आधी चुका कमी करा, वेग मागून येतो. कॉम्प्युटर नसला तर बऱ्याच मोबाईलना ओटीजीने साधा कीबोर्ड जोडता येतो.

त्या मुलीने परवा तोच अर्ज एका बैठकीत भरला. बाबा शेजारी नुसते बसून होते.