‘ईसीएम गेला’ म्हणण्याआधी मल्टीमीटर लावा

पौड-पिरंगुटकडे गॅरेज टाकायचा विचार करताय? मग जुन्या इंजेक्शनवाल्या पिकअपचा इलेक्ट्रिकल फॉल्ट शोधायला आधी शिका. 1 एप्रिल 2017 ला देशभर बीएस-4 लागू झालं. त्या काळातल्या गाड्या आता जुन्या झाल्यात. त्यात मुळशीचा पाऊस! कपलरमध्ये पाणी शिरतं, पिना हिरव्या पडतात.

गाडी अधूनमधून बंद पडते, चेक लाइट लागते आणि कुणीतरी सांगतं, "ईसीएम गेला." थांबा, क्रमाने जा.

1. बॅटरी : इंजिन बंद असताना साधारण 12.6 व्होल्ट, चालू असताना 14 च्या आसपास.
2. फ्यूज, रिले आणि अर्थ : इग्निशन ऑन ठेवून ईसीएमची अर्थ पिन ते बॅटरी मायनस मोजा. 0.1 व्होल्टच्या आत हवं.
3. सेन्सरचा 5 व्होल्ट सप्लाय : मिळत नाही? एकेक सेन्सरचा कपलर काढत जा. एखादा काढताच 5 व्होल्ट परत आले, तर तो सेन्सरच शॉर्ट आहे. ईसीएमला हात लावू नका.

स्कॅनरचा कोड सर्किट दाखवतो, पार्ट नाही. पी0193 म्हणजे रेल प्रेशर सेन्सरचं व्होल्टेज जास्त. सेन्सरची अर्थ वायर तुटली तरी हाच कोड येतो.

आता धंद्याचं. तपासणीची फी आधीच सांगा, रीडिंग जॉबकार्डवर लिहा. वायर दहा मिनिटांत जोडली, पण शोधायला दोन तास गेले. पैसे त्या दोन तासांचे. गिऱ्हाइकाचा ईसीएमचा खर्च वाचला, की पुढची गाडी तोच घेऊन येतो.