कढईबाहेरचा डोनट

एअर फ्रायर हा मुळात एक छोटा ओव्हन आहे. वर पंखा, त्याखाली विजेची कॉइल आणि तळाशी जाळीची टोपली. कॉइलने तापलेली हवा पंखा जोराने लोटतो, ती पदार्थाच्या चहूबाजूंनी फिरते आणि पुन्हा वर येते. जागा लहान असल्यामुळे उष्णता वाया जात नाही. शिवाय पदार्थाच्या अंगाला बिलगून बसलेला गार, दमट हवेचा थर सतत उडत राहतो. म्हणूनच मोठ्या ओव्हनमध्ये पंधरा मिनिटं घेणारी गोष्ट इथे निम्म्या वेळात होते. ज्यांना घरी ग्लेझ्ड डोनट करायचा आहे त्यांनी हे आधीच मनात पक्कं धरावं. आपण एक गोड, नाजूक पाव झटपट भाजायला निघालो आहोत. हे एकदा पटलं, की पीठ किती सैल ठेवायचं, यंत्रात किती वेळ ठेवायचं, साखर कधी लावायची, हे सगळे निर्णय बरोबर पडत जातात. दुकानातल्या तळलेल्या डोनटची हुबेहूब नक्कल करायला गेलं, की निराशा ठरलेली.

कढईत काय होतं ते आधी पाहू. साधारण १८० अंश सेल्सिअसच्या तेलात फुगलेल्या पिठाची चकती सोडली की तिच्या पृष्ठभागावरचं पाणी क्षणात वाफ होऊन बाहेर धावतं. तेलात दिसणारे बुडबुडे म्हणजे तीच वाफ. वाफ निघून गेलेल्या बारीक पोकळ्यांत तेल शिरतं आणि कवच तयार होतं. चकती हलकी असल्यामुळे तरंगते. एक बाजू मिनिटभरात तांबूस होते, मग ती उलटायची. मधला पट्टा तेलाला फारसा लागतच नाही, म्हणून चांगल्या यीस्टच्या डोनटच्या कमरेला फिकट पांढरी पट्टी राहते. तेलाचं काम इतकं जलद असतं की आतला ओलावा बाहेर पडायला पुरेसा वेळच मिळत नाही. हवेला हे जमत नाही. तापमान तेच असलं तरी हवा उष्णता फार संथपणे पोचवते. त्यामुळे एअर फ्रायरमध्ये डोनटला पाच मिनिटं लागतात आणि तेवढ्या वेळात गरम वारा त्याला सुकवत राहतो. घरच्या एअर फ्रायरमधल्या बहुतेक डोनटची तक्रार एकच असते, की तो कोरडा आणि चिवट झाला. त्याचं मूळ इथे आहे.

याच कारणाने मी भाजणीची चकली एअर फ्रायरमध्ये करायच्या भानगडीत पडत नाही. चकलीचा खुसखुशीतपणा तिच्या छिद्राछिद्रांत मुरलेल्या तेलाचा असतो. वाऱ्यावर ती नुसती कडक होते. अनारसा तर तुपाशिवाय जाळी धरणारच नाही. डोनटचं मात्र वेगळं आहे. त्याचा जीव कवचात नसून आतल्या लुसलुशीत गरात आणि वरच्या साखरेच्या पापुद्र्यात असतो, आणि या दोन्ही गोष्टी तेलाशिवाय साधता येतात. दिवाळीच्या दिवसांत कढई चकल्या-शेवेत अडकलेली असताना ओट्याच्या दुसऱ्या टोकाला मुलांसाठी हे काम सुरू ठेवता येतं, हा आणखी एक फायदा.

डोनटचा पूर्वज आणि एअर फ्रायर, दोघांचंही घराणं डच आहे. नेदरलँड्समध्ये यीस्टने फुगवलेल्या पिठाचे, मनुका घातलेले गोळे तळण्याची जुनी रीत आहे. त्यांना ‘ओलीकूक’ म्हणत, आता ‘ओलीबोलन’ म्हणतात आणि वर्षअखेरीला घरोघरी खातात. डच चित्रकार आल्बर्ट काउप याच्या १६५२ च्या सुमाराच्या एका चित्रात एक बाई अशा तळलेल्या गोळ्यांचं भरलेलं भांडं घेऊन उभी आहे. डच वसाहतवाल्यांबरोबर हा पदार्थ अमेरिकेत गेला. त्यांचं न्यू ॲमस्टरडॅम म्हणजे आजचं न्यूयॉर्क. १८०९ मध्ये वॉशिंग्टन आयर्व्हिंग या लेखकाने न्यूयॉर्कच्या आपल्या विनोदी इतिहासात डुकराच्या चरबीत तळलेल्या गोड गोळ्यांचं वर्णन केलं, तेव्हा ‘डोनट’ हे नाव छापील झालेलं दिसतं. पुढे दोनशे वर्षांनी फ्रेड व्हॅन डर वाय या डच संशोधकाने बटाट्याच्या काचऱ्या कमी तेलात करण्याच्या खटपटीतून एअर फ्रायर घडवला आणि २०१० मध्ये फिलिप्स या डच कंपनीने तो बर्लिनच्या प्रदर्शनात बाजारात आणला. गरम हवा पंख्याने फिरवण्याची कल्पना मात्र त्याहून जुनी. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास विल्यम मॅक्सन या अमेरिकी संशोधकाने विमानात गोठवलेलं जेवण गरम करण्यासाठी पंख्याची भट्टी बनवली होती.

मधल्या भोकाचं श्रेय मेन राज्यातल्या हॅन्सन ग्रेगरी या खलाशाला दिलं जातं. १८४७ मध्ये, सोळा वर्षांचा असताना, जहाजावरच्या मिरपुडीच्या डब्याच्या गोल झाकणाने आपण पहिलं भोक पाडलं, असं त्याने म्हातारपणी सांगितलं. तळलेल्या गोळ्याच्या कडा व्हायच्या आणि मध्य कच्चा राहायचा, ही त्याची तक्रार होती. गोष्टीत खरं किती, रंगवलेलं किती, ते सोडून देऊ, पण तर्क अचूक आहे. उष्णता बाहेरून आत जाते, आणि मध्यच काढून टाकला की तिला जायचं अंतर निम्म्याहून कमी होतं. मेदूवड्याला भोक असतं तेही याचसाठी. एअर फ्रायरमध्ये तर या भोकाचं मोल दुप्पट आहे, कारण इथे प्रत्येक वाचलेलं मिनिट म्हणजे वाचलेला ओलावा.

आता पीठ. आठ डोनटसाठी ३०० ग्रॅम मैदा, ४० ग्रॅम साखर, ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ४ ग्रॅम मीठ, ४५ ग्रॅम लोणी, १७० मिलिलिटर दूध आणि एक अंडं. अंडं नको असेल तर पन्नास ग्रॅम घट्ट दही घ्यावं. गर किंचित कमी मऊ होतो, पण चव छान उतरते. मैद्याच्या पाकिटावर प्रथिनांचा आकडा असतो. शंभर ग्रॅमला १० ते ११ ग्रॅम असलेला मैदा शोधावा. वजनकाटा नसेल तर तो आधी घ्यावा असं मी आग्रहाने सांगेन. वाटीने मोजलेला मैदा दर वेळी वेगळा भरतो, आणि डोनटचं पीठ दोन चमचे मैद्यानेही घट्ट होतं.

कोरडेपणावरचा सगळ्यात भरवशाचा उपाय पूर्व आशियातल्या पाववाल्यांकडून घ्यावा. एकूण मैद्यातला वीस ग्रॅम मैदा शंभर मिलिलिटर दुधात गुठळ्या न होऊ देता मिसळायचा आणि मंद आचेवर ढवळत राहायचं. साधारण ६५ अंशांच्या पुढे मैद्यातला स्टार्च पाणी शोषून फुगतो आणि मिश्रण एकाएकी खिरीसारखं दाट होतं. ही पेस्ट गार करून उरलेल्या साहित्यात घालायची. तांगझाँग म्हणतात ती हीच पद्धत. शिजलेला स्टार्च कच्च्या स्टार्चपेक्षा कितीतरी जास्त पाणी धरून ठेवतो. त्यामुळे पीठ हाताला चिकट न होताही आत जास्त ओलावा मावतो, आणि भाजताना तो सहजी सुटत नाही. दुसऱ्या दिवशीचा डोनट मऊ लागतो तोही यामुळे.

दूध कोमट असावं, बोट बुडवलं तर फक्त ऊब जाणवेल इतकं. यीस्ट हा जिवंत जीव आहे. साठ अंशांच्या जवळ तो मरतो. लोणी सुरुवातीला घालू नये. मैद्यातली प्रथिनं आधी पाण्याशी जुळून तंतू धरू लागली पाहिजेत, आणि लोणी आड आलं की ते लांबतं. पाच मिनिटं मळल्यावर मऊ लोणी थोडंथोडं घालावं. या टप्प्यावर पीठ फाटतं, ओट्यावर पसरतं, हातभर माखतं. इथे बहुतेक जण घाबरून मैदा भुरभुरतात, आणि डोनट तिथेच बिघडतो. मैद्याला हात लावायचा नाही. तळहाताच्या टाचेने लोटायचं, दुमडायचं, पुन्हा लोटायचं. सात-आठ मिनिटांत पीठ सगळं लोणी पिऊन टाकतं आणि गोळा गुळगुळीत, तुकतुकीत होतो. त्यातली लिंबाएवढी गोळी घेऊन दोन्ही हातांच्या बोटांनी हलके ताणावी. फाटण्याआधी तिचा पातळ पडदा झाला आणि उजेडात धरल्यावर पलीकडचं बोट दिसलं, की मळणं पुरे.

मग झाकून ठेवायचं, दुप्पट होईपर्यंत. घड्याळ इथे कामाचं नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात मुंबईत पाऊण तास पुरतो, नाशिकच्या डिसेंबरात दोन तासही कमी पडतात. फुगलेलं पीठ अर्धा इंच जाड लाटावं. पोळीच्या सवयीने हात चालवला तर फार पातळ होतं. आठ सेंटिमीटर व्यासाची वाटी आणि मधल्या भोकासाठी पाण्याच्या बाटलीचं झाकण, एवढ्यावर काम भागतं. फुगताना भोक आकसतं, तेव्हा ते जरा मोठंच ठेवावं. प्रत्येक चकती बेकिंग पेपरच्या वेगळ्या चौकोनावर ठेवायची म्हणजे पुन्हा फुगल्यावर ती उचलताना दबत नाही. दुसऱ्यांदा फुगायला अर्धा-पाऊण तास लागतो. बोटाने कडेला हलकेच दाबून पाहावं. खळगा टुणकन वर आला तर अजून थांबायचं. सावकाश, अर्धवटच भरून आला तर वेळ झाली. खळगा तसाच राहिला तर उशीर झाला आणि भाजताना डोनट बसेल.

सैल, चमच्याने सोडायच्या पिठाचे डोनट एअर फ्रायरमध्ये करू नयेत. तेलात पडताक्षणी असं पीठ धरतं, हवेत ते जाळीतून खाली गळतं. ते करायचेच असतील तर साचा हवा.

यंत्र १७५ अंशांवर तीन मिनिटं आधी तापवून घ्यावं. रिकाम्या टोपलीत नुसता कागद ठेवून मात्र तापवू नये. वाऱ्याने तो उडून कॉइलला लागू शकतो. डोनटच्या अंगावर वितळलेलं लोणी मऊ ब्रशने, अगदी हलक्या हाताने लावायचं. कढईत जे काम तेल करतं त्यातलं थोडं आता हे लोणी करतं. पृष्ठभाग लगेच सुकत नाही, रंग एकसारखा येतो आणि चवीला तळणाची किंचित आठवण राहते. एका वेळी तीन किंवा चार, मध्ये दोन बोटं जागा सोडून, कारण वाट मिळाली नाही तर हवा फिरणार कशी? साडेतीन मिनिटांनी उलटायचे, कागद काढून टाकायचा आणि आणखी मिनिट-दीड मिनिट ठेवायचे. प्रत्येक यंत्राचा स्वभाव वेगळा असतो, म्हणून आधी भोकातून निघालेल्या छोट्या गोळ्या भाजून अंदाज घ्यावा. रंग गव्हाळ झाला की बाहेर. तळलेल्या डोनटचा गडद तांबूस रंग इथे यायची वाट पाहिली तर आतला गर वाळलेला असेल. कमरेची पांढरी पट्टीही येणार नाही, ती फक्त तेलाची खूण.

ग्लेझ आधीच तयार हवा. २०० ग्रॅम आयसिंग शुगर चाळून, त्यात ३० ग्रॅम वितळलेलं लोणी, तीन-चार चमचे गरम दूध, चिमूटभर मीठ. व्हॅनिला चालतो, पण दिवाळीत मी वेलची आणि दुधात खललेलं केशर घालते. मिक्सरवर दळलेली घरची पिठीसाखर जिभेला कणीदार लागते. तीच वापरायची असेल तर दोनदा चाळावी. विकतच्या आयसिंग शुगरमध्ये बहुधा कॉर्नफ्लोअर असतं. त्याची कच्ची चव जायला मिश्रण गरम पाण्यावर धरून मिनिटभर ढवळावं. चमचा उचलल्यावर धार पडावी आणि भांड्यातली तिची रेघ दोन-तीन सेकंदांत पुसली जावी, इतपत पातळ.

अमेरिकेत ग्लेझ्ड डोनटचा दरारा ज्या दुकानाने निर्माण केला ते क्रिस्पी क्रीम १९३७ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या विन्स्टन-सेलम गावात व्हर्नन रूडॉल्फने सुरू केलं. तिथे डोनट तेलातून निघून पट्ट्यावरून थेट पातळ साखरेच्या धबधब्याखाली जातो. आपल्यालाही तेच करायचं आहे. यंत्रातून काढल्यावर दीड-दोन मिनिटं जाळीवर थांबून, हातात धरवेल इतपत गरम असतानाच डोनट ग्लेझमध्ये बुडवायचा, उलटायचा, निथळायचा. फार गरम असेल तर साखर वितळून ओघळून जाते. गार असेल तर ती वर जाड, पांढरी बसते आणि चावताना खपल्या निघतात. योग्य उबेला ग्लेझ आधी पाण्यासारखा पारदर्शक होतो, कडांनी थेंब जाळीखाली ठिबकतात आणि मग पाणी उडता उडता त्यावर काचेसारखा बारीक पापुद्रा धरतो. तो वाफ कोंडून गर मऊ ठेवतो, म्हणून इथे चालढकल करू नये. नागपूरच्या कोरड्या थंडीत पापुद्रा दहा मिनिटांत वाळतो. कोकणातल्या दमट हवेत तो चिकटच राहतो, तिथे दूध एक चमचा कमी घालावं.

तळलेल्या साठ ग्रॅमच्या ग्लेझ्ड डोनटमध्ये तेरा-चौदा ग्रॅम चरबी असते. या पद्धतीत ती आठ-नऊवर येते, पण साखर तेवढीच राहते. मधुमेहींसाठी हा डोनट पथ्याचा नव्हे, आणि तसं सांगून तो कुणाच्या पुढे ठेवू नये.

केलेल्या दिवशीच खाणं उत्तम. उरले तर फ्रिजमध्ये टाकू नयेत. त्या थंडाव्यात स्टार्च लवकर ताठरतो आणि पाव बाहेरच्यापेक्षा झपाट्याने शिळा होतो. पाहुणे दुसऱ्या दिवशी यायचे असतील तर हवे तेवढेच डोनट ग्लेझमध्ये बुडवावेत. बाकीचे गार झाल्यावर हवाबंद डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवावेत. दुसऱ्या दिवशी अर्धा तास बाहेर काढून, १५० अंशांवर दोन मिनिटं गरम करून ताज्या ग्लेझमध्ये बुडवले तर आलेल्या माणसाला ते आदल्या दिवशीचे आहेत हे कळत नाही.