अलिबागच्या दमट हवेत हॅमस्टर कोणता?

मांडव्याहून बोटीत बसलं की तासाभरात गेटवे, आणि तिथून क्रॉफर्ड मार्केट फार लांब नाही. अलिबाग, रेवदंडा, मुरूडकडच्या एखाद्या घरात मुलांनी हट्ट धरला की पाय तिकडेच वळतात. विकणारा रंग दाखवतो, घेणारा रंग पसंत करतो. जात कोणती, नर की मादी, वय किती, हे प्रश्न निघतच नाहीत. त्या मुक्या जिवाचे पुढचे हाल याच न विचारलेल्या प्रश्नांतून सुरू होतात.

‘हॅमस्टर इथूनतिथून सारखेच’ हा पहिला गैरसमज. पाळण्यासाठी विकल्या जाणाऱ्या मुख्य जाती पाच. सिरियन, म्हणजे सोनेरी हॅमस्टर, सर्वांत मोठा: लांबी १५ सेंटिमीटरच्या आसपास, वजन १०० ते १५० ग्रॅम. कॅम्पबेल, विंटर व्हाइट आणि रोबोरोव्हस्की हे तिघे बुटके, आणि त्यांतला रोबोरोव्हस्की तर जेमतेम ५ सेंटिमीटर लांब, २०-२५ ग्रॅम वजनाचा. पाचवा चायनीज, अंगाने सडपातळ. दुकानात ऐकू येणारी ‘टेडी बेअर’, ‘पांडा’ ही नावं जातींची नव्हेत. लांब केसांच्या किंवा काळ्या-पांढऱ्या सिरियनलाच ती दिलेली असतात. पांढरे उंदीर हॅमस्टर म्हणून गळ्यात मारले जाऊ नयेत यासाठी शेपटी बघावी. उंदराची शेपटी जवळजवळ अंगाएवढी लांब असते. सिरियनची केसांत लपलेली, बोटाच्या नखाएवढी.

‘एकटा कंटाळेल, जोडीच न्या’ हा सल्ला मायेपोटी दिला जातो, पण इतका घातक दुसरा सल्ला नाही. सिरियन हॅमस्टर जन्मजात एकलकोंडा आहे. १९९७ आणि १९९९ साली संशोधकांनी उत्तर सिरियात जाऊन रानातल्या हॅमस्टरची बिळं तपासली, तेव्हा एकाही बिळात एकापेक्षा जास्त प्रौढ प्राणी सापडला नाही. दुकानातल्या पिंजऱ्यात पाच-सहा जण एकमेकांच्या अंगावर झोपलेले दिसतात ते पिल्लं असल्यामुळे. वयाचे साधारण सहा आठवडे झाले की भांडणं सुरू होतात, तीही रात्री, घर झोपल्यावर. सकाळी एकाचा कान फाटलेला असतो, पोटाखाली चावे असतात, कधी एक मेलेलाच असतो. दोघे भाऊ असोत, बहिणी असोत, की नर-मादी, फरक पडत नाही. नर-मादी असतील तर भांडणाच्या जोडीला पिल्लांचा प्रश्न येतो. सिरियन मादीचा गर्भकाळ अवघा १६ दिवसांचा असतो, एका वेताला आठ-दहा पिल्लं सहज होतात, आणि ती पिल्लं महिना-दीड महिन्यात स्वतः वयात येतात.

बुटक्या जातींची भावंडं लहानपणापासून मोठ्या जागेत एकत्र राहू शकतात, हे खरं. पण त्यांचंही कधी बिनसेल याचा नेम नाही, आणि बिनसलं की दुसरा पिंजरा त्याच रात्री तयार लागतो. पहिल्यांदाच पाळणाऱ्याने, जात कोणतीही असो, एकच आणावा. त्याला एकटेपणाचं दुःख नसतं. दुःख असतं ते अपुऱ्या जागेचं.

आता हवेचा मुद्दा. आपल्या किनाऱ्यावर हॅमस्टरची निवड खरं तर यावरच ठरायला हवी. ‘सिरियाचं वाळवंटी जनावर, उकाडा त्याला काय करणार?’ असं म्हणणाऱ्यांनी त्याचं मूळ घर पाहिलेलं नसतं. १९३० साली इस्रायल अहारोनी या प्राणिशास्त्रज्ञाने अलेप्पोजवळच्या शेतजमिनीतून एक मादी आणि तिची पिल्लं खणून काढली. जगभरातले पाळीव सिरियन हॅमस्टर बहुतांशी त्या एका वेताचे वंशज आहेत. तो भाग म्हणजे धान्य पिकणारं पठार आहे, नुसती वाळू नव्हे. आणि हा प्राणी उन्हात फिरतो थोडाच. त्याचं बीळ सरासरी ६५ सेंटिमीटर खोल असतं, आणि त्या गार जमिनीत तो दिवसाचा बराचसा वेळ काढतो. त्याला मानवतं ते २० ते २४ अंश तापमान. तिशीच्या वर गेलं की धोका सुरू होतो. अलिबागला मे महिन्यात दुपारी पारा ३२-३३ अंशांवर असतो, समुद्रामुळे रात्रही फारशी निवत नाही, आणि दमटपणा वेगळाच. हॅमस्टरला घाम येत नाही. कोठीच्या खोलीत, पत्र्याखाली किंवा बंद गाडीत ठेवलेला हॅमस्टर तासाभरात दगावू शकतो.

विंटर व्हाइट आणि कॅम्पबेल तर कझाकस्तान, सायबेरिया, मंगोलियाकडच्या थंड गवताळ मुलखातले. विंटर व्हाइट दिवस लहान झाले की पांढरा होतो, तो बर्फात दिसू नये म्हणून. शिवाय या दोन जातींचा संकर इतका झाला आहे की दुकानातला नेमका कोण हे सांगता येत नाही, आणि कॅम्पबेलमध्ये मधुमेहाचं प्रमाणही जास्त. रोबोरोव्हस्की गोबीच्या कोरड्या हवेतला. लांब केसांच्या ‘टेडी बेअर’ची गत आणखी वाईट: पावसाळ्यात केसांचा गुंता होतो, त्यात ओला कचरा अडकतो, खालची कातडी लाल होते. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. या किनाऱ्यावर, एसीच्या भरवशावर न राहणाऱ्या घरात, आणायचाच असेल तर आखूड केसांचा एकच सिरियन आणावा.

एसीचा भरवसा नको हे मुद्दाम लिहितो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा श्रीवर्धन-मुरूडकडच्या कित्येक गावांत काही आठवडे वीज नव्हती. वीज नसतानाही जगवता येईल अशीच सोय हवी. घरातली सर्वांत गार खोली, शक्यतो खालच्या मजल्यावरची. पिंजऱ्यात शहाबादी फरशीचा तुकडा. लपायला आडवं ठेवलेलं मातीचं मडकं. मे महिन्यात तो कापसाचं घरटं सोडून त्या फरशीवर पोट टेकून पसरलेला दिसतो, यातच काय ते आलं. बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून पिंजऱ्याला बाहेरून टेकवावी. पंख्याचा झोत थेट अंगावर सोडू नये.

कापसाचं घरटं लिहिलं खरं, पण तेही नको. बिछान्यासाठी म्हणून विकतात तो पिंजलेला कापूस पायात गुंडाळला जातो, गालातल्या पिशवीत अडकतो, आतड्यात गेला तर जीव घेतो. सुताराकडचा भुसा बारीक असतो, त्याची धूळ फुप्फुसात जाते. भाताचं तूस टोचतं आणि ओल शोषत नाही. साधा, न छापलेला कागद फाडून जाड थर द्यावा. किती जाड? स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठाच्या २००६ सालच्या अभ्यासात १०, ४० आणि ८० सेंटिमीटर थर देऊन पाहिले. थर जितका जाड, तितकं गज कुरतडणं कमी. चार बोटं कागद टाकून त्याला बीळ करायला सांगणं म्हणजे चटईवर विहीर खणायला सांगणं. निदान वीतभर तरी द्यावा. पावसाळ्यात खालचा थर कुबट होतो, तेवढाच काढून नवा भरावा. सगळं एकदम बदललं तर त्याचा स्वतःचा वास जातो आणि तो बिथरतो.

‘वाळू तर दारातच आहे’ हा खास आपल्याकडचा गैरसमज. हॅमस्टरला पाण्याने आंघोळ घालत नाहीत, तो वाळूत लोळून अंग साफ करतो. पण वरसोलीची किंवा काशीदची वाळू खारट, ओलसर आणि शिंपल्यांच्या कपच्यांनी भरलेली. धुऊन, कढईत भाजून पूर्ण कोरडी केलेली, चाळलेली वाळूच द्यावी. पावडरीसारखी धूळही नको, ती श्वासात जाते.

खाण्याचं थोडक्यात सांगतो. तो दाणे गालात भरून साठवतो. दमट हवेत त्या साठ्याला बुरशी येते, म्हणून कोपऱ्यातलं कोठार दोन-तीन दिवसांनी बघावं. शेंगदाणा बेताने. कच्चे वाल आणि कांदा-लसूण अजिबात नको, अलिबागचा पांढरा कांदा कितीही गोड असला तरी. मुंग्यांसाठी पिंजऱ्याच्या टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत, फडताळाला ठेवतात तसे.

‘मुलं लहान, म्हणून हॅमस्टरही छोटा’ हे गणित उलटं आहे. रोबोरोव्हस्की इतका चपळ की मोठ्यांच्याही हाती लागत नाही, तो नुसता बघण्याचा प्राणी. सिरियन सावकाश माणसाळतो आणि हातात मावतो. तरी तो संध्याकाळनंतर जागा होतो. शाळेतून आल्याआल्या मुलाने झोपेतून ओढला तर चावणारच. पळायच्या चाकाचा व्यास सिरियनला निदान २८ सेंटिमीटर हवा, लहान चाकात पाठ वाकते. आणि हे सगळं दोन-अडीच वर्षांसाठी, कारण त्याचं आयुष्यच तेवढं.

‘उंदराच्या जातीचा, म्हणजे लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होणार’ ही भीती पूर्ण खोटी नाही, पण दिशा चुकलेली आहे. स्वच्छ ठिकाणी वाढलेला हॅमस्टर लेप्टो घेऊन जन्मत नाही. घरातल्या उंदीर-घुशींची लघवी त्याच्या खाण्यात गेली तर मात्र त्याला तो लवकर होतो आणि त्याच्याकडून माणसाला होऊ शकतो. पावसाळ्यात पिंजरा जमिनीवर न ठेवणं, दाणे घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवणं, साफसफाईनंतर साबणाने हात धुणं, एवढं केलं की धोका बराच आटोक्यात येतो.

नको झाला म्हणून वाडीत सोडला तर जगेल, असंही मानतात. मांजर, भारद्वाज, धामण यांतलं कुणी ना कुणी लवकरच त्याला गाठण्याची शक्यता मोठी. पाळलेलं जनावर असं उपासमारीवर टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे. २०१८ च्या पेट शॉप नियमांत हॅमस्टरचा नाव घेऊन उल्लेख आहे, आणि दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची आहे. नोंदणीचा कागद मागायला संकोच करू नका.

दुकानात संध्याकाळी जा, तो जागा असतो तेव्हा. डोळे स्वच्छ, नाक कोरडं, पाऊल सरळ पडतंय ना हे बघा. हलकेच उचलून शेपटीखाली बघा. तिथे ओल आणि चिकटलेली घाण दिसली तर तो ‘वेट टेल’ हा आतड्याचा आजार असू शकतो, ज्यात पिल्लू दोन दिवसांत जातं. असा हॅमस्टर घेऊ नका, आणि त्याच पिंजऱ्यातला दुसराही घेऊ नका.