रांग मोडली तेव्हाची जाहिरात

ज्या मालासाठी गिऱ्हाईक वर्षानुवर्षं रांगेत उभं आहे, त्याची जाहिरात कुणी कशाला करील? स्कूटर बनवणाऱ्या बजाज ऑटोच्या राहुल बजाज यांनी केली. १९८९ची ‘हमारा बजाज’ पेडणे-डिचोलीतल्या पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला आजही चालीसकट आठवते. लिंटास या जाहिरात संस्थेत अलेक पदमसी यांच्या देखरेखीखाली ती तयार झाली. तिचा भर सगळा माणसांवर आणि त्यांच्या स्कूटरवर.

रांगेचा काळ गोव्यानंही भोगला. पोर्तुगीज अमदानीत इथे परदेशी गाड्या येत. मुक्तीनंतर तो ओघ आटला आणि गोंयकारही बजाजच्या आकुर्डीच्या कारखान्याकडे डोळे लावून बसला. बजाजची चेतक स्कूटर १९७२ची. पैसे भरायचे, पावती कपाटात जपायची आणि वाट बघायची. मात्र परकीय चलनात पैसे भरले की नंबर लवकर लागे. म्हणजे घरातला कुणी जहाजावर तारवटी असला किंवा आखातात असला की स्कूटर आधी दारात, आणि शेजारचा शाळामास्तर आपली पावती सांभाळत बसलेला. परमिटराज समजून घ्यायचं तर मला जाहिरातीपेक्षा ही पावती जास्त बोलकी वाटते.

हाती आलेली स्कूटर चालू करणं हीसुद्धा एक कसरतच होती. पावसाळ्यात चोक ओढून किका मारायच्या. नाहीच ऐकलं तर ती एका अंगावर कलती करायची, सरळ करून पुन्हा किक. तरीही ढिम्म, तर प्लग काढून पॉलिश पेपरनं घासायचा. डाव्या मुठीत क्लच, त्याच मुठीत गिअर. पोर पुढे उभं, बायको मागे एका बाजूला पाय सोडून, आणि डिचोलीच्या खाणपट्ट्यात समोरच्या ट्रकची लाल धूळ सगळ्यांच्या अंगावर.

१९८४-८५च्या सुमारास बटणावर चालू होणारी कायनेटिक होंडा आली, पेट्रोलात ऑइल न मागणारी हीरो होंडा आली. रांग मोडायला लागली. मग गिऱ्हाइकाला आपलेपणाची आठवण करून देणं भाग पडलं. चिडून नव्हे, कौतुकानं म्हणतो: ही भारतीय जाहिरातीतली सर्वांत देखणी बचावाची खेळी.

२००१ला बजाजची पल्सर मोटारसायकल आली, २००९मध्ये राहुल बजाज यांचे पुत्र राजीव बजाज यांनी स्कूटर बंद करायचं ठरवलं. वडिलांना ते पटलं नव्हतं आणि त्यांनी तसं चारचौघांत बोलूनही दाखवलं. २०२०मध्ये चेतक विजेवर चालत परतली. राहुल बजाज गेले ते १२ फेब्रुवारी २०२२ला. विजेवरच्या स्कूटरचं नाव जुनंच ठेवलं, म्हणजे मुलानंही थोडं ऐकलं म्हणायचं.